सात इंचांवरची लेक

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. गाणी वाजवणारा नव्हे; शिवणकामाचा, कापडी, साठ इंचांचा. तुमच्या भूगोलाच्या वर्गात कपाटावर पृथ्वीचा गोल ठेवला आहे ना, त्याच्या लाकडी पायाला पिवळट काहीतरी गुंडाळलेलं तुम्ही रोज बघता आणि "हे फडकं कसलं?" म्हणून विचारता. तेच मी. फडकं म्हटलं की मला राग येतो. पण आज तो राग बाजूला ठेवतो, कारण मला माझी गोष्ट सांगायची आहे आणि चिडक्या म्हाताऱ्याची गोष्ट कुणी ऐकत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. घट्ट विणलेल्या पट्टीवर रोगण चढवलं, ती वाळवली, मग तिच्यावर काळे आकडे छापले आणि दोन्ही टोकांना पितळी टोप्या बसवल्या. माझ्या एका बाजूला आकडे डावीकडून सुरू होतात, दुसऱ्या बाजूला उजवीकडून. त्यामुळे मला कोणत्याही टोकाने धरा, मी एकपासूनच सुरू होतो. माणसांचं तसं नसतं. कुणाला कुठल्या टोकाने धरावं हे कळण्यातच निम्मं आयुष्य जातं.

मला विकत घेतलं ते काकूंनी. काकू कपडे शिवत. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणे, म्हणून मीही म्हणतो. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. दाराशी शिवणयंत्र, मधोमध कापड बेतायचं लांब टेबल, कोपऱ्यात पडदा लावून केलेला आडोसा आणि आडोशात एक उभा आरसा. आरसा खालच्या बाजूला जरा बाकदार होता, त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाइकाला आपले पाय वाकडे दिसत. "पाय सरळच आहेत हो तुमचे, आरसा वाकडा आहे," हे वाक्य काकूंना रोज म्हणावं लागे.

दिवसभर मी काकूंच्या गळ्यात असे. जेवायला बसल्या तरी मी गळ्यातच, आणि माझं एखादं टोक ताटात बुडालं की बोलणी मात्र मला. कुणाची कंबर किती, कुणाचा कुठला खांदा उतरलेला, सगळं मला ठाऊक होतं. पण पोटातलं ओठावर आणायची मला सवय नाही. पोस्टमास्तर माप देताना पोट आत ओढून, श्वास कोंडून उभे राहत. काकू म्हणत, "श्वास सोडा, साहेब. शर्ट घातल्यावर तुम्हाला श्वास घ्यायचाय की नाही?" पोस्टमास्तर श्वास सोडत आणि मी दोन इंच पुढे सरके.

काकूंचे यजमान निवृत्त बस कंडक्टर. गल्लीत त्यांना कंडक्टरकाका म्हणत. नोकरी संपली तरी त्यांच्या तोंडात बसच होती. जेवायला उशीर झाला की "गाडी लेट आहे वाटतं," आणि झोपायला निघाले की "चला, डेपोत." माणूस लाखाचा, पण एकदा बोललेला शब्द मागे घेईल तर शपथ. शिवणयंत्राच्या वरच्या भिंतीवर त्यांनी जगाचा मोठा नकाशा लावला होता. तो त्यांनी लेकीसाठी आणला होता, ती शाळेत असताना.

लेक एकुलती एक. तिचा पहिला फ्रॉक बेतताना मी तिच्या छातीभोवती फिरलो, तेव्हा माझा अर्ध्याहून जास्त भाग उरला होता. माप घेताना तिला गुदगुल्या होत आणि ती अशी काही खिदळे की काकूंना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. ती वाढत गेली तसा माझा उरलेला भाग कमी होत गेला. मग ती शिकली, नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली आणि तिथलीच झाली. नकाशावर आमचं शहर वर, उत्तरेकडे पण डावीकडे होतं, आणि तिचं तितकंच वर, पार उजव्या अंगाला. काम करता करता काकू मान वर करून त्या उजव्या कोपऱ्याकडे बघत. टाका चुकला की मला कळे, आता वर बघून झालं.

आणि मित्रांनो, माझेही दिवस फिरले. कापडी टेप वर्षानुवर्षं ओढला जातो, तसा तो ताणला जातो. एके दिवशी गुंड्या-धागे विकणारा फेरीवाला आला. त्याने एक नवा, चकचकीत, कडक टेप काढून टेबलावर माझ्या शेजारी अंथरला. माझे साठ इंच त्याच्या साठ इंचांच्या दीड इंच पुढे गेले. काकूंनी मला हातात घेऊन जरा वेळ कुरवाळलं, पण नवा टेप घेतलाच. मला खिळ्याला टांगलं. पुढे पुढे चिंध्यांची गाठोडी बांधायला माझा उपयोग होऊ लागला. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय! नवा टेप काकूंच्या गळ्यात मिरवे आणि मी खिळ्यावरून बघत राही. मला फार वाईट वाटलं, हे कशाला लपवू?

त्याच सुमारास काकू आजारी पडल्या. दिवसभर यंत्रावर बसून बसून त्यांच्या पायात रक्ताची गुठळी झाली. दवाखान्यात राहावं लागलं. बऱ्या होऊन आल्या, पण औषधं सुरू झाली आणि पायात घट्ट मोजे आले. काकांनी लेकीला कळवायचं म्हटलं, तर काकूंनी डोळे वटारले. "पोर तिकडे एकटी. उगाच जिवाला घोर लावू नका तिच्या. मी बरी आहे ना आता?" मग लेकीला कुणी काहीच सांगितलं नाही.

त्या काळी घरोघरी फोन नव्हते. लेकीचा फोन शेजारच्या औषधांच्या दुकानात येई, तोही रविवारी दुपारी चारला, आणि तो महाग म्हणून दोन-चार वाक्यांत उरके. एका रविवारी काकू फोन घेऊन परतल्या त्या जवळजवळ पळतच. पायाचं दुखणं विसरून त्या दारातूनच ओरडल्या, "अहो, ठरलं! लग्न ठरलं तिचं!"

लेकीने सगळं सांगितलं होतं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, चांगला आहे. लग्न तिकडेच, दोन महिन्यांनी. आई-बाबांनी यायचंच, तिकिटं तीच पाठवणार होती. विमान थेट होतं. आमच्या शहरातून संध्याकाळी आठला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला तिकडे पोचणारं. परतताना तिकडून सकाळी दहाला निघून साडेबाराला घरी. "आणि आई, पोशाख तूच शिवायचास," असं म्हणून तिने फोन ठेवला होता.

काकूंनी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंना विचारलं. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "विमानाचा प्रवास दहा तासांच्या आतला असेल तर जा. मोजे घालायचे, पाणी प्यायचं, तासातासाला उठून चालायचं. पण त्याहून लांबचा असेल, तर यंदा नाही म्हणजे नाही. एवढा वेळ पाय लोंबकळत ठेवून बसणं तुम्हाला झेपायचं नाही."

आता सगळा प्रश्न एवढाच उरला, की ते शहर किती तासांवर आहे. विमानाच्या तिकीट ऑफिसात जाऊन विचारलं असतं तर मिनिटात उत्तर मिळालं असतं. पण कंडक्टरकाका घरात असताना दुसऱ्याच्या खिडकीवर जाऊन गाडीची वेळ विचारायची? छे!

"वेळापत्रकं वाचण्यात माझा जन्म गेलाय," काका म्हणाले. "सुटायची वेळ संध्याकाळी आठ. पोचायची सकाळी साडेअकरा. बारापर्यंत चार तास, पुढे साडेअकरा. झाले साडेपंधरा."

काकूंचा चेहरा उतरला. "एवढे? विमानाला?"

"थांब, ताळा करून बघू." काकांनी इकडेतिकडे पाहिलं. नव्या टेपला हात लावायची त्यांना बंदी होती, म्हणून त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. खुर्चीवर चढून माझं एक टोक त्यांनी नकाशातल्या आमच्या शहरावर दाबलं आणि मला आडवा ताणत लेकीच्या शहरापर्यंत नेलं. मग नकाशाखाली छापलेल्या अंतराच्या पट्टीशी मला ताडून हिशेब केला. अकरा हजार सातशे किलोमीटर निघाले. विमान तासाला आठशे-साडेआठशे किलोमीटर जातं हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. भागाकार केला, चढणं-उतरणं धरलं, तर उत्तर पंधराच्या आसपास आलं.

"बघ," काका हळूच म्हणाले. आपला हिशेब बरोबर आला याचा आनंद त्यांच्या आवाजात अजिबात नव्हता.

"आणि येताना दहा ते साडेबारा? म्हणजे अडीचच तास?" काकूंनी विचारलं.

"येताना उतार असणार."

"विमानाला कसला आलाय उतार?"

"अगं, डेपोकडे परतताना गाडी पळतेच. आमचे ड्रायव्हर बघायला हवे होतेस." मग त्यांनाच ते पटलं नसावं. "रात्रीचे साडेबारा म्हणायचं असेल तिला. फोनवर घाई असते."

झालं. वेळापत्रक आणि नकाशा, दोघांनीही एकच साक्ष दिली म्हटल्यावर शंका कोण घेणार? काकू त्या रात्री जेवल्या नाहीत.

पुढचे आठ-दहा दिवस खोलीत यंत्राचा आवाज तेवढा होता. काकू लेकीचा पोशाख शिवत होत्या. पांढरं रेशमी कापड, बाह्यांना बारीक कशिदा. गल्लीतला एक इंजिनिअर तिकडे जायचा होता, त्याच्याबरोबर तो पाठवून द्यायचं ठरलं होतं. काकू एकदा म्हणाल्या, "तुम्ही तरी जाऊन या." काका म्हणाले, "तुझ्याशिवाय मी कुठं जातोय? कंडक्टरला चढवून प्रवाशाला स्टॉपवर सोडायचं, असं असतं का कुठं?" त्यावर दोघंही हसले नाहीत. येत्या रविवारी लेकीचा फोन यायचा होता आणि तेव्हा तिला "नाही" सांगायचं होतं. कारण काय सांगायचं, हे मात्र दोघांनाही सुचत नव्हतं.

शुक्रवारी तुमच्या शाळेच्या तेव्हाच्या भूगोलाच्या मॅडम दुकानात आल्या. कडेवर मूल घ्यावं तसा त्यांनी हाच गोल घेतला होता. तो तेव्हा नवाकोरा होता.

"काकू, पृथ्वीला कपडे शिवायचेत," त्या म्हणाल्या. "सुट्टीत वर्ग बंद असतो, फार धूळ बसते. छानशी खोळ करून द्या."

"माप घेतल्याशिवाय मी कुणालाच काही शिवत नाही," काकू म्हणाल्या.

"खऱ्या पृथ्वीची कंबर चाळीस हजार किलोमीटर. हिची तुम्ही बघा!" मॅडम हसल्या, गोल टेबलावर ठेवून उद्या येते म्हणाल्या आणि गेल्या.

काकू माप घ्यायला लागल्या. पण नवा टेप कडक! गोलाला टेकवला की टुणकन उडे. एक टोक धरावं तर दुसरं निसटे. दोन-तीनदा तसं झाल्यावर काकू वैतागल्या आणि त्यांनी खिळ्याकडे हात नेला. मित्रांनो, किती दिवसांनी तो हात माझ्याकडे आला होता! मी जुना, मऊ, अंग सोडून दिलेला. गोलाच्या कमरेभोवती असा निवांत बसलो, जणू तिथेच माझा जन्म झाला. कंबर बरोबर चाळीस भरली.

मग काकूंनी कापड घेतलं. गोलावर सपाट कापड टाकलं की त्याला चुण्या पडतात. चुण्या नको असतील तर ते ताणावं लागतं. दोन्ही नको असेल तर कापडाच्या कळ्या कापाव्या लागतात. दोन्ही टोकांना निमुळत्या, मधे रुंद, संत्र्याच्या फोडींसारख्या. काकूंना हे कुणी शिकवायला नको होतं. सगळा जन्म सपाट कापडातून गोल माणसं झाकण्यात गेला होता. त्यांनी कळ्या कापल्या, टाचण्यांनी गोलावर बसवून पाहिल्या आणि सवयीने मान वर करून नकाशाच्या उजव्या कोपऱ्याकडे बघितलं. बघतच राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "ह्या नकाशाच्या कळ्या कुठायत?"

काका पेपर वाचत होते. "काय कुठायत?"

"पृथ्वी ही अशी गोल. तिचं हे सपाट कापड केलंय. त्यात चुणी नाही, कळी नाही. मग ते बसलं कसं? ताणलं असणार ना? आणि ताणलंय ते वरच्या बाजूला. हे वरचं बर्फाचं बेट बघा. गोलावर माझ्या तळहाताएवढं आहे, आणि नकाशावर केवढी परात करून ठेवलीय!"

काकांनी पेपर खाली ठेवला. गोलाकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं. आमचं शहर आणि लेकीचं शहर, दोन्ही वरच्याच अंगाला होती. म्हणजे जिथे कापड ताणलेलं, तिथेच त्यांनी माप घेतलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! खरी पृथ्वी टेबलावर बसली होती.

काकूंनी माझं पितळी टोक आमच्या शहरावर ठेवलं आणि दुसऱ्या हाताने मला लेकीच्या शहराकडे नेलं. आणि मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचंही न ऐकता स्वतःच्या मनाने चाललो. ताण बसल्याबरोबर मी वर सरकलो. आडवा जायचा सोडून थेट वरच्या बर्फावरून कमान करून पलीकडे उतरलो.

"अगं, आडवा धर की! वर कुठे चाललाय तो?" काका म्हणाले.

"मी नाही नेत. आडवा धरला की सैल पडतोय. ताणला की आपणहून वर जातोय. म्हणजे जवळची वाट तीच असणार."

"बर्फावरून?"

"मग? विमानाची चाकं काय रुतणारेत बर्फात?"

काकूंनी आकडा वाचला. सात इंचांना एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी.

"चाळीस इंच म्हणजे चाळीस हजार," काकू बोटं मोजत म्हणाल्या. "म्हणजे इंचाला हजार. सात हजारसुद्धा नाहीत हो!"

"पण हा टेप ताणलेला आहे," काकांनी शेवटचा अडसर घातला.

"कंबर ह्यानेच घेतली आणि वाट पण ह्यानेच. ताणला असला तरी दोन्हीकडे सारखाच ताणलाय ना?"

नवा टेप टेबलावर पडून सगळं ऐकत होता. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. थोरांनी थोरांसारखं वागावं.

काकांनी पेन्सिल घेतली. सात हजार भागिले आठशे-साडेआठशे. चढणं-उतरणं धरून आठ-साडेआठ, फार तर नऊ तास. दहाच्या आत! काकूंचे डोळे चमकले. पण काका पेन्सिल हातात धरून तसेच बसून राहिले.

"माप बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "पण मग वेळापत्रकाचं काय? आठ ते साडेअकरा. ते काही खोटं नाही बोलत. वर ते अडीच तासांचं येणं. कुठंतरी पाणी मुरतंय."

काकू टाचण्या एकेक करून टाचण्यांच्या गादीत खोचत होत्या. त्यांनी चौथी-पाचवी टाचणी खोचली आणि हात तसाच थांबला.

"अहो, ती रविवारी चारला फोन करते. आणि दर वेळी ठेवताना काय म्हणते? 'आता झोपते, आई.' मी तिला दर खेपेला रागावते, 'दुपारची कसली गं झोपतेस? आळशी झालीस.' ती हसते नुसती. मला वाटायचं, लाडात आलीय." काकूंनी टाचण्या बाजूला सारल्या. "तिकडे तेव्हा रात्र असणार. ती पोर रात्रीची जागी राहून फोन करते, आणि मी तिला आळशी म्हणते!"

देशोदेशीची घड्याळं वेगळी असतात हे काकांनी ऐकलं नव्हतं असं नाही. ऐकून सगळ्यांनाच ठाऊक असतं. ऐन हिशेबाच्या वेळी आठवलं तर उपयोग. काका भिंतीला टेकून बसले आणि कपाळावर हात मारून घेतला. "सगळी नोकरी गेली, पण दोन्ही स्टॉपांवर घड्याळ एकच असायचं गं. सुटायची वेळ इथल्या घड्याळातली आणि पोचायची तिथल्या. दोन घड्याळांची वजाबाकी करून बसलो मी. आणि त्यापायी तुझं लग्न... म्हणजे तिचं लग्न बुडवत होतो."

"बुडलं कुठंय अजून? उठा," काकू म्हणाल्या.

शनिवारी मॅडम आल्या. खोळ हातात घेण्याआधीच दोघांनी त्यांना गाठलं. मॅडमनी गोल फिरवून, पंधरा अंशांना एक तास धरत, उभ्या रेघा मोजल्या आणि म्हणाल्या, "त्यांचं घड्याळ आपल्यापुढे सात तास. आपले रात्रीचे आठ म्हणजे त्यांचे पहाटेचे तीन. तिथून साडेअकरापर्यंत साडेआठ तास होतात. येताना ते सात तास परत मिळतात, म्हणून अडीच दिसतात. खरे साडेनऊ. वारा समोरून असतो ना, जरा जास्त लागतो."

तरी काका खात्री करायला तिकीट ऑफिसात गेले. दुसऱ्याच्या खिडकीसमोर रांगेत उभं राहायची ही त्यांची पहिलीच वेळ. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, जायला साडेआठ, यायला साडेनऊ. काकांनी परत येऊन अगदी जुन्या आवाजात आरोळी ठोकली, "चला, जागा आहे! पुढे सरका!" काकू यंत्रावरून उठल्या आणि पदराने... छे, हातातल्या त्या पांढऱ्या रेशमानेच डोळे पुसायला निघाल्या होत्या. ऐन वेळी भानावर आल्या म्हणून पोशाख वाचला.

डॉक्टरीणबाईंनी होकार दिला. रविवारी चारला फोन आला. काकू एवढंच म्हणाल्या, "येतोय आम्ही. आणि आता झोप, बाळा. उशीर झालाय तुला."

विमानात मीही होतो. निघायच्या दिवशी काकू सकाळपासून सामान बांधत होत्या, मी त्यांच्या गळ्यात होतो आणि मला काढायचं त्या विसरल्या. नवा टेप घरीच राहिला. काका तासातासाला घड्याळ बघून पुटपुटत, "स्टॉप आला, पाय मोकळे करा," आणि काकू उठून त्या अरुंद वाटेने फेऱ्या मारत. तिसऱ्या-चौथ्या फेरीला आणखी दोन म्हाताऱ्या त्यांच्यामागून चालू लागल्या. उजाडलं तेव्हा खाली बर्फ होतं. मी ज्या वाटेने टेबलावर चढलो होतो, तीच ती वाट. खिडकीतून ती बघताना माझी छाती फुगली असती, पण छाती मोजणाऱ्याला स्वतःची छाती नसते.

विमानतळावर लेक धावत आली. आईच्या गळ्यात पडली, मग बाबांच्या. मग तिची नजर खाली गेली. काकूंच्या पायातले ते जाड घट्ट मोजे तिला दिसले.

"हे काय, आई?"

काकूंनी पाय मागे घेतले. मग काकांनी सगळं सांगून टाकलं. गुठळी, दवाखाना, दहा तासांची अट, नकाशा, साडेपंधरा तास, सगळं. लेकीचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग लाल.

"मला का नाही सांगितलंत? मला एकदा विचारलं असतंत, तर एका वाक्यात सांगितलं असतं मी!"

"तुला काळजी नको म्हणून गं," काकू म्हणाल्या.

"आणि तू आली नसतीस तर? कारण न सांगता 'नाही' म्हणाली असतीस तर? तेव्हा मला काय वाटलं असतं? त्याची नाही वाटली काळजी?"

काकू लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "चुकलं बाळा आमचं," काका म्हणाले. मित्रांनो, या माणसाच्या तोंडून हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकला. त्या दोघींच्या मधे मी दाबला गेलो होतो. माझ्यावर कुणाचे अश्रू पडत होते ते सांगता येणार नाही, पण माझं रोगण तिथे अजून फिकं आहे.

लग्न छान झालं. पोशाख कमरेत थोडा सैल झाला होता, तो काकूंनी तिथल्या तिथे टाके घालून बसवला आणि माप अर्थातच मी दिलं.

परत आल्यावर ही हकीकत मॅडमना कळली. त्यांनी काकूंकडे मला मागितलं. काकूंनी जरा वेळ मला गळ्यातच धरून ठेवलं. मग म्हणाल्या, "घेऊन जा. माणसांची मापं घ्यायला नवा आहे. ह्याला मोठी मापं जमतात." तेव्हापासून मी इथे तुमच्या वर्गात आहे. सुरुवातीची वर्षं सुखाची गेली. गल्लीतले लोकसुद्धा शाळा सुटल्यावर यायचे. कुणाचा नवरा बोटीवर, कुणाची बहीण परदेशात. माझं एक टोक आपल्या शहरावर ठेवायचे, दुसरं लांब न्यायचे, आणि आकडा ऐकून त्यांचा चेहरा थोडा सैल व्हायचा. "चारच इंच?" एक आजोबा म्हणाले होते, "मग एवढं काय लांब नाही."

आता कुणी येत नाही. तुमच्याकडे अंतर सांगणारी यंत्रं आहेत, ती माझ्यापेक्षा अचूक आहेत, आणि मला त्यांचा हेवा नाही. माझी एवढीच विनंती आहे, की मला बोटाभोवती करकचून गुंडाळू नका आणि रस्सीखेच खेळू नका. मी आणखी ताणलो तर सगळं जग माझ्यासाठी लहान होईल. आणि दुसरी विनंती मनापासूनची. घरातलं माणूस "लांब आहे, जमायचं नाही" म्हणून गप्प बसलं, तर ते किती लांब आहे हे त्याच्याजवळ बसून एकदा मोजून बघा. आणि तुमचं स्वतःचं काही दुखत असेल, तर लांबच्या माणसाला ते सांगा. ते सांगायचं राहिलं म्हणून एक आई लेकीच्या लग्नाला मुकणार होती. अंतराने कुणाचं काही अडवलेलं मी तरी पाहिलं नाही.

बरं, ती मागच्या बाकावरची मुलगी मघापासून गोलाकडे बघते आहे. तिची आई दूर कुठेतरी नोकरीला आहे, असं तुमच्या आताच्या मॅडम म्हणत होत्या. ये बाळ, लाजू नकोस. माझं एक टोक आपल्या शहरावर धर, आणि दुसरं कुठे न्यायचं ते मला सांग.